पुग्याला निघालेल्या मनूस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पुगा खोऱ्यात फोन लागणार नाही म्हणालीस, म्हणून लेहमध्ये आहेस तोवर हे लिहून मेलवर टाकतोय. आई म्हणते, फोनवर बोला की. पण फोनवर माझ्या तोंडून "पंप घेतलास का" एवढंच निघतं, तू "हो बाबा" म्हणतेस आणि संपतं. पत्रात तरी दम्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तर तुझ्या कामाबद्दल. निघायच्या आदल्या रात्री तू आईला समजावत होतीस, ते मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. एवढ्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यात गंधक आणि टाकणखार, भोवती गोठवणारी रात्र, आणि तरीही झऱ्याच्या काठाला जिवाणूंचे रंगीत थर धरतात. मंगळावर कधीकाळी असे झरे असले, तर तिथे जगलेल्याची खूण दगडात कशी उरेल, ते या थरांवरून शिकायचं. हे मला पटलं. मंगळावरच्या जेझेरो विवरात फिरणाऱ्या नासाच्या गाडीला 2024 साली बिबट्यासारखे ठिपके असलेला दगड सापडला, तेव्हा मी पेपर घेऊन तुझ्या खोलीत धावत आलो होतो. तू म्हणालीस, बाबा, ठिपके जिवाणूंनी केले असतील किंवा नुसत्या रसायनांनी, दगड इथे आणून तपासल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये. बातमीवर हुरळून न जाणारी मुलगी आपल्या घरात आहे, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पण मनू, माझा जीव मंगळापेक्षा शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर अधिक आहे. पर्वती जलकेंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माणसाला तो चंद्र आवडणारच. व्यास जेमतेम 500 किलोमीटर, आपल्या पुण्याहून नागपूर त्याहून लांब. वरून सगळा बर्फ. आणि 2005 साली कॅसिनी यानाला दिसलं की दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याचे फवारे थेट अवकाशात उडतायत. यान त्या फवाऱ्यांतून गेलं. मीठ सापडलं, सेंद्रिय रेणू सापडले, हायड्रोजन सापडला, आणि 2023 मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासताना फॉस्फेटही. हायड्रोजनचा अर्थ तूच सांगितलास: बर्फाखालच्या समुद्राच्या तळाशी गरम पाणी खडकाशी भिडत असणार. आपल्या समुद्रात गालापागोसजवळ 1977 साली असेच गरम झरे सापडले, आणि सूर्याचा किरण पोचत नाही तिथे जीवांची वस्तीच्या वस्ती निघाली. मग शनीच्या त्या चंद्रावर का नसावी?

गुरूच्या युरोपा या चंद्रावर पाणी कितीतरी जास्त, पृथ्वीच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट असावं म्हणतात. पण ते कित्येक किलोमीटर बर्फाखाली. ऑक्टोबर 2024 मध्ये सुटलेलं क्लिपर यान 2030 ला गुरूपाशी पोचेल, आणि तेही तिथे जीव राहू शकेल का एवढंच पाहील. एन्सेलाडस मात्र नमुना स्वतःहून बाहेर टाकतो. भोक पाडायला नको, दोर सोडायला नको. नमुन्यासाठी उन्हातान्हात टाक्या चढलेल्या माणसाला याची किंमत कळते.

नमुन्यावरून आठवलं. आम्ही नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचो, मगच बाटली धरायची. बाटलीत आधीच थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन वाटेत जिवाणू मारणार नाही. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागलं तर नमुना बाद, कारण सापडलेला जिवाणू पाण्यातला की तुमच्या हाताचा, हे कोणाला कळणार? त्यासाठीच तर गॅलिलिओ यान 2003 मध्ये गुरूच्या वातावरणात आणि कॅसिनी 15 सप्टेंबर 2017 ला शनीच्या वातावरणात मुद्दाम जाळून टाकलं, ना? इंधन संपल्यावर भरकटून ती त्या चंद्रांवर आदळली असती आणि पृथ्वीवरचे जिवाणू तिथे गेले असते. वीस वर्षं सांभाळलेलं यान दुसरीकडच्या पाण्याला आपला हात लागू नये म्हणून जाळायचं. ते वाचताना मला भरून आलं होतं. तू हातमोजे काढू नकोस, कितीही बोटं बधिर झाली तरी. बधिर झाली तर तंबूत जा, ऊब घे आणि मग ये. दोन तास उशीर झाला तर झरा कुठे जात नाही.

आणि गार कोरडी हवा नाकातून घे, तोंडाने नाही. रुमाल गुंडाळ. पंप सॅकमध्ये न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेव, गारठ्यात तो नीट फवारत नाही. लेहलाच 3,500 मीटर उंची आहे, तिथे डोकं दुखत असेल किंवा उलटी झाली असेल तर वर चढायचंच नाही. पुग्यात बसल्या जागी धाप लागली, तर त्याच रात्री खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. सर काय म्हणतील, बाकीची मुलं काय म्हणतील, हा विचार तू करतेस, शिरूरच्या वेळीही केलास.

हे मी लिहिणार नव्हतो. राग मानू नकोस. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय, तू सव्वीस वर्षांची आहेस, मला सगळं कळतं. पण जुलैमधल्या त्या रात्री तुला रिक्षातून नेताना लकडी पुलावर पाणी साचलेलं, रिक्षा पुढे सरकेना, आणि तुझ्या छातीतून येणारा तो शिट्टीसारखा आवाज. तुला ते आठवत नसेल. मला पाऊस लागला की ऐकू येतो.

त्याच सुमारास, 2009 ला, नारळीकर सरांच्या बलूनच्या प्रयोगाची बातमी आली होती. हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली होती आणि तिच्यात जिवाणू निघाले, तीन तर अगदी नव्या जातींचे. तपासणीत आपल्या विद्यापीठाच्या आवारातली संस्थाही होती. मी वाचून दाखवलं तर तुझा प्रश्न: इतक्या वर त्यांना धाप लागत नाही? मला उत्तर देता आलं नाही. पुढे 2020 ला लोणारचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने आले, मिठात जगणारे जीव त्याला कारण निघाले, आणि तुझं ठरलं. आईला वाटतं ते लोणारमुळे ठरलं. मला वाटतं त्या धापेच्या प्रश्नाने.

मी नोकरीभर पाण्यात काही जिवंत राहू नये म्हणून क्लोरीन मोजला. एखाद्या पेठेतल्या नमुन्यात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण देणारा जिवाणू, निघाला की रात्रभर डोळा लागायचा नाही. आणि माझी मुलगी पाण्यात एक जीव टिकलेला दिसावा म्हणून लडाखला गेलीय. मला याचा अभिमान आहे. विमानतळावर हे बोलायचं होतं, पण माईआत्या मध्येच खाण्याचे डबे मोजायला लागली.

आजीने अडुळशाची बाटली निळ्या पिशवीत ठेवलीय, टाकून देऊ नकोस. सुहासकाकाने दिलेला ऑक्सिमीटर रोज सकाळी लाव आणि आकडा वहीत लिही, मला दाखवायला नाही, तुझ्यासाठी. बरं, मलाही दाखव.

पहिल्या नमुन्याचं तापमान, पीएच आणि वास, तिन्ही कळव. वास तुम्ही लोक नोंदवता का माहीत नाही, आम्ही पहिला वासच लिहायचो.

तुझे,
बाबा