यंदा शिमग्याला मी येत नाही

ती. बाबा आणि ती. आई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा आईने पालखी आपल्या वाडीत कधी येणार ते सांगायला सुरुवात केली आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून लिहितोय. यंदा शिमग्याला मी नसेन. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसतोय. अर्ज मंजूर झालाय, रजाही मिळालीय. तुमची सून आणि छकुली मात्र येतायत, कोकणकन्येची तिकिटं काढून ठेवली आहेत. पालखी दारात आली आणि घरात कुणी नाही, असं होणार नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. त्या दिवाळीआधी मी ‘ऑफिसच्या कामाला बंगळूरला जातोय, फोन लागणार नाही’ म्हणालो होतो ना, तेव्हा मी तिथेच होतो. खोटं बोललो. दादाला जाऊन चार महिने झाले होते, तुमच्या जिवाला आणखी घोर नको, एवढंच मनात होतं. आई, त्या दिवसांत तू पाच वेळा फोन लावलास हे मला नंतर कळलं. ते अजून मनाला खातं.

बाबा, ही बुवाबाजी नाही. गोएंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात व्यापार करणारे, बायकापोरांचे गृहस्थ. १९६९ साली ते भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं होतात. २०१३ साली गुरुजी गेले, पण सकाळ-संध्याकाळ शिकवण त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रणावरून चालते. राहण्या-जेवणाचा एक पैसा घेत नाहीत. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर सगळा खर्च भागतो. कुणाच्या पाया पडायचं नाही, गळ्यात काही घालायचं नाही. अर्जात तब्येतीचं सगळं खरं लिहावं लागतं. माझ्या झोपेच्या गोळ्यांचंही मी लिहिलंय.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. सकाळी साडेसहाला न्याहारी, अकराला पोटभर जेवण, साधं आणि गरम. दुपारी बारानंतर जुन्या साधकांना काही खायचं नसतं, संध्याकाळी लिंबूपाणी मिळतं. पहिले दोन दिवस पोट कुरकुरतं, मग सवय होते. झोपायला खाट, पांघरायला आहे. तू दिलेली गोधडी मी तरीही नेतोय. मौन असतं, पण काही लागलं तर सेवकांना सांगता येतं. फोन पहिल्याच दिवशी जमा करायचा. म्हणून तिथल्या कार्यालयाचा नंबर तुमच्या सुनेकडे दिलाय. तसंच काही झालं तर निरोप माझ्यापर्यंत येईल आणि मी निघेन.

तिथे दिवा लावत नाहीत, उदबत्ती नाही, जपही नाही. हे वाचून बाबांना लागेल, ठाऊक आहे. तो नियम त्या दहा दिवसांपुरता आहे, बाबा. ग्रामदेवतेवर मी रुसलेलो नाही. गयेजवळच्या टेकडीवर बुद्धांनी हजार जटाधाऱ्यांना आगीवर उपदेश केला, ते सगळे आधी अग्नीचीच पूजा करायचे. डोळे पेटलेत, कान पेटलेत, मन पेटलंय, लोभाने, द्वेषाने, मोहाने, असं त्यांना सांगितलं. ते वाचताना मला आपला होम दिसला. आणि होमासमोर तुम्ही, खांद्यावर उपरणं, हातात नारळ.

शिबिराला दुसऱ्या तारखा नव्हत्या का, असं तुम्ही विचारणार. होत्या. मीच शिमग्याच्या निवडल्या. गेले दोन शिमगे मी होमाकडे बघू शकलेलो नाही. सगळे ‘होय महाराजा’ म्हणत होते, आणि मी देवळामागे काळोखात उभा होतो. पोफळीजवळ, तुम्हाला कळेल कुठे. लहानपणी त्याच होमातून तुम्ही काठीने नारळ ओढून काढायचात. करपलेली करवंटी फोडून धुराच्या वासाचं खोबरं आधी दादाला, मग मला. माझा तुकडा लहान म्हणून मी रडायचो आणि दादा त्याचा अर्धा मोडून द्यायचा. आई, तू पदराने माझ्या गालावरची राख पुसायचीस, आणि कपाळावरची तेवढी ठेवायचीस.

धम्मगिरीवर पहिले तीन दिवस नुसता नाकातला श्वास बघायचा. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगात काय होतंय ते बघायचं. चौथ्या दिवसानंतर दिवसातून तीनदा तासभर सगळ्यांनी एकत्र, मांडी न मोडता बसायचं. गुडघा पेटतो, पाठ पेटते. उठावंसं वाटतं, पण शेजारचा उठत नाही म्हणून आपणही बसतो. आणि ती आग वाढते, थांबते, उतरते. मला एवढंच शिकायचंय, पेटलेल्यासमोर पळून न जाता बसणं. घरी एकट्याने जमत नाही, तीन वाजता जाग येते ती येतेच. पुढच्या वर्षी मला तुमच्या शेजारी उभं राहायचंय, देवळामागे नाही.

आता ऐका. बाबा, होळी आणायला रानात जायचं नाही. पालखीला नुसता हात लावा, खांदा काकांचा मुलगा देईल, त्याला मी सांगितलंय. होमाजवळ खुर्ची घेऊन बसा, वारा कुठून आहे ते आधी बघा, आणि पंप खिशात ठेवा, घरी फळीवर नको. खोकला आला तर लगेच घरी. मानकऱ्याने उठायचं नसतं वगैरे मी ऐकणार नाही. आई, पुरण वाटायला सुनेला बस म्हण, तिला आवडतं. तू पाटावर बसू नकोस, गुडघ्याचा पट्टा लाव. दाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, सुनेबरोबर महिन्याच्या पाठवतोय. नारळाचं दूध थोडं ठेव म्हणणार होतो, पण टिकणार नाही. पाडव्याला येतो तेव्हा पुन्हा कर.

छकुलीला करपलेलं खोबरं हवंय, गेल्या वर्षीपासून विचारतेय. नारळ तुम्ही काढू नका, पोरांना काढू दे. फोडून मात्र तुम्हीच द्या.

बाबा, आपला भद्रेचा होम पहाटे लागतो. धम्मगिरीवर चारला घंटा होते, साडेचारला आम्ही बसतो. तुम्ही गाऱ्हाणं घालाल तेव्हा मुंबईला गेलेल्या पोराबाळांत माझं नाव घ्या. आणि दादाचंही घ्या. गेली दोन वर्षं राहून गेलंय.

तुमचा,
बाळू