जास्तीची पॉवर कशाला? स्कोप घेणाऱ्या मित्रास पत्र

मेसा, ॲरिझोना
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल मिळाली. रायफलसाठी तीन स्कोपची नावं, तिघांच्या किमती आणि शेवटी ती ओळ: ‘१-१० घेऊन टाकतो, पॉवर जास्त असलेली बरी, नको तेव्हा कमी करता येते.’ फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून पत्र.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तू १-६ घे, म्हणजे एकपटीपासून सहापटीपर्यंत मोठं दाखवणारा. सेकंड फोकल प्लेनचा (ज्यात पॉवर वाढवली तरी नेमाच्या रेघा तेवढ्याच राहतात), मधला ठिपका भर उन्हातही ठळक दिसणारा. पुढे पश्चिमेकडच्या लांब पल्ल्याच्या मॅचेस नेमाने खेळायच्या ठरल्या तर १-८ चा विचार कर. १-१० तुला लागणार नाही. मी तर या वाळवंटात राहतो, मलाही लागत नाही.

तू पिस्तुलाच्या मॅचेसमधून इकडे येतोयस, त्यामुळे वेळेचं गणित तुला समजावायला नको. मल्टिगनमध्ये तेच गणित रायफल, शॉटगन आणि पिस्तूल अशा तीन बंदुकांवर पसरतं. बझर वाजला की शॉटगनने पाच-सहा प्लेटा पाडायच्या, ती सेफ करून पिंपात टाकायची, रायफल उचलायची, सात-आठ यार्डांवरचे पुठ्ठे मारायचे, भिंतीला वळसा घालायचा आणि एखाद्या खिडकीतून नाहीतर उतरत्या छपरावर आडवं पडून लांबची स्टील वाजवायची. कधी त्यानंतर पुन्हा जवळचे पुठ्ठे असतात. बऱ्याच मॅचेसमध्ये पुठ्ठ्यावर एक गोळी ए-झोनमध्ये (मधल्या चौकटीत) किंवा कुठेही दोन लागल्या की काम झालं. गुण म्हणजे वेळ, आणि राहून गेलेल्या निशाणाची शिक्षासुद्धा सेकंदांतच. तुमच्या ओहायोच्या क्लबात सगळ्यात लांबची स्टील २०० यार्डांवर असते म्हणतोस. म्हणजे तुझ्या रायफलच्या बहुतेक गोळ्या पंचवीस-तीस यार्डांच्या आत सुटणार. तिथे स्कोप कितीवर असणार? एकवर. स्कोपवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आठ असो की दहा, तुझं अर्ध्याहून जास्त आयुष्य एकवर जाणार आहे.

म्हणून विकत घेताना आधी तो एक तपास. सगळेच ‘एक’ सारखे नसतात. काहींत चित्र किंचित मोठं दिसतं, काहींत कडेला वाकतं, काहींची काळी कड इतकी जाड असते की दोन्ही डोळे उघडे ठेवून पळताना तीच नजरेत येते. चांगल्या स्कोपमध्ये एकवर नळी जवळजवळ नाहीशी होते, समोर फक्त ठिपका उरतो. दुकानात सगळे काउंटरवरून लांबच्या पाटीकडे बघत रिंग शेवटपर्यंत फिरवतात. तू उलटं कर. एकवर ठेव, डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. चित्र पूर्ण दिसलं तर ठीक. मान इकडेतिकडे करून शोधावं लागलं तर ठेवून दे, काच कितीही स्वच्छ असली तरी.

आणि आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, स्वतःच्या डोळ्याला जुळवून घे. आपल्या दोघांनाही चाळिशी लागली आहे, तुझा चष्मा तर प्रोग्रेसिव्ह आहे. मॅचमध्ये जो चष्मा घालणार तोच घालून रेटिकल, म्हणजे काचेतल्या नेमाच्या रेघा, कोऱ्या आभाळावर धर आणि रेघा पहिल्याच नजरेत कोरीव दिसेपर्यंत ते फिरव. टक लावून बघत बसू नकोस, डोळा आपणहून जुळवून घेतो आणि तुला फसवतो.

आता वरच्या टोकाकडे येतो, कारण तुझी भीती तिथे आहे. सोपा हिशेब आहे. अंतराला पॉवरने भाग. ३०० यार्डांवरची प्लेट सहा पॉवरने पाहिली की ती उघड्या डोळ्याने ५० यार्डांवरून दिसावी तेवढी दिसते. दहा इंचांची प्लेट म्हणजे आपलं जेवणाचं ताट. पन्नास यार्डांवर ठेवलेलं ताट तुला दिसत नाही का? आठ पॉवरने तेच ताट सदतीस-अडतीस यार्डांवर येतं, दहाने तीसवर. दिसण्यात फरक पडतो, नाही म्हणत नाही. लागण्यात पडतो का, हा प्रश्न आहे.

इथल्या सर्व्हिस रायफलवाल्यांकडे, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलने खेळणाऱ्यांकडे बघ. सीएमपी या नेमबाजी संस्थेने २०१६ पासून त्यांना स्कोप वापरायची मुभा दिली, पण जास्तीत जास्त साडेचार पॉवरची. एवढ्यावर ती मंडळी ६०० यार्डांवर मारतात, आणि तिथला दहाचा गोल असतो १२ इंचांचा. त्याआधी कित्येक वर्षं हेच काम दुर्बिणीशिवाय, लोखंडी साइट्सवर चालायचं. आणि आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे! २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने ब्राँझ घेतलं. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, पीप साइटच्या बारीक भोकातून बघायचं, आणि दहाच्या गोलाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. त्यांचा खेळ वेगळा, धावपळ नाही, हे मान्य. पण नेम पॉवरने लागत नाही एवढं त्यातून कळतं. माझी गोळी ४०० यार्डांवर चुकते ती प्लेट दिसत नाही म्हणून क्वचितच. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेन वजनाच्या गोळीला तिथपर्यंत दीडएक फूट ढकलतो, प्लेट दहा इंचांची. वारा चुकीचा वाचला की सहाने चुकलेली गोळी दहानेही चुकते, फक्त जरा मोठी चुकलेली दिसते.

आता तुझ्या मेलमधलं ‘नको तेव्हा कमी करता येते.’ खरी मेख तिथे आहे. सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये पॉवर वाढवली तरी रेटिकल तेवढंच राहतं, मागचं चित्र मोठं होतं. त्यामुळे ठिपक्याखालच्या, लांबच्या अंतरांसाठीच्या ३००, ४००, ५०० च्या खुणा एकाच पॉवरला खऱ्या ठरतात, बहुतेक ठिकाणी सगळ्यात वरच्या. पॉवर निम्मी केलीस की प्रत्येक खुणेचं माप दुप्पट होतं. थोडक्यात, खुणा वापरायच्या तर असा स्कोप दोनच जागांचा: एक, आणि शेवटचा आकडा. म्हणजे तो शेवटचा आकडा अडीअडचणीला राखून ठेवलेला नसतो. लांबची प्रत्येक प्लेट तुला त्याच आकड्यावर मारावी लागते, धापा टाकत, गुडघा कुठल्यातरी फळीवर टेकवून. तो आकडा तुला झेपणाराच हवा.

अर्थात मधला ठिपका कुठल्याही पॉवरला खराच असतो. ५५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर झीरो केलीस, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवलीस, तर अलीकडे ती इंच-दोन इंच वर जाते आणि अडीचशेपर्यंत तीनएक इंचच खाली येते. दहा इंचांच्या प्लेटला मधोमध धर आणि मार, खूण लागत नाही. तीन किंवा चार पॉवर खुशाल वापर. खुणा लागतात त्या पुढे: ३०० ला सात-आठ इंच पडते, ४०० ला जवळजवळ दोन फूट. तुझ्या क्लबात हा प्रश्नच येत नाही.

झेपणारा आकडा म्हणजे काय तेही सांगतो. व्होर्टेक्स कंपनीच्या रेझर १-६ मध्ये सहावर १०० यार्डांवर साडेवीस फूट रुंदी दिसते. त्यांच्याच रेझर १-१० मध्ये दहावर साडेअकरा फूट. तीनशेवर नेलं तर साडेएकसष्ट फूट आणि साडेचौतीस फूट. आता आमच्या रिओ सॅलाडो रेंजचा उतार डोळ्यासमोर आण: माती तपकिरी, झुडपं तपकिरी, आणि प्लेटा सकाळी पांढऱ्या रंगवलेल्या असल्या तरी दुपारपर्यंत गोळ्यांनी करड्या झालेल्या. एक वाजली, पुढची कुठे? लोक इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतात, चुकण्यात नव्हे, शोधण्यात. अरुंद चित्रात रायफल सर्च लाइटसारखी फिरवत बसतात. मागे उभा असलेला स्क्वाड मनात सेकंद मोजतो.

दुसरी गोष्ट एक्झिट प्युपिलची. पुढच्या काचेच्या व्यासाला पॉवरने भाग. २४ मिलिमीटरची काच सहावर ४ मिलिमीटरची प्रकाशाची शलाका डोळ्याला देते, आठवर ३, दहावर २.४. पोटावर निवांत पडलेल्या माणसाला २.४ पुरते. छपरावर तिरका लटकलेल्याला पुरत नाही. डोकं जरासं हललं की चित्र काळं. त्यात धाप लागलेली असते, ठिपका नाचतो, आणि पॉवर जितकी जास्त तितका तो नाच मोठा दिसतो. रायफल आधी हलत होती तेवढीच हलत असते, पण डोळा घाबरतो आणि बोट ट्रिगर हिसकतं. उन्हाळ्यात आमच्याकडे जमिनीतून लहरी उठतात त्या वेगळ्याच. दहावर प्लेट उकळताना दिसते. म्हणूनच आमच्या उन्हाळी मॅचेस पहाटे सुरू होतात, आणि माझी बायको म्हणते की हे कसलं सुट्टीचं वेड.

फर्स्ट फोकल प्लेनबद्दल विचारलं होतंस. त्यात रेटिकल चित्राबरोबर लहान-मोठं होतं, त्यामुळे खुणा कुठल्याही पॉवरला खऱ्या. कागदावर हे उत्तमच वाटतं. अडचण खालच्या टोकाला आहे. दहावर वाचता येईल असं रेटिकल एकवर कोळ्याच्या धाग्याएवढं होतं, आणि मग सगळी भिस्त ते उजळवणाऱ्या दिव्यावर. तो दिवा ऊन पडलेल्या पांढऱ्या भिंतीवरही दिसणारा हवा, आणि असे दिवे महागात मिळतात. चांगले आहेत, नाहीत असं नाही. नाइटफोर्सचा एनएक्स८ १-८ फक्त १७ औंसांचा आहे आणि रेटिकल पहिल्या प्लेनमध्ये. माझ्या स्क्वाडमधला एक जण तो वापरतो आणि सुखात आहे. तो मात्र मधल्या पॉवरवर राहणारा माणूस, चार-पाचवर सगळं उरकतो. त्याच्यासाठी पहिलं प्लेनच बरोबर.

एक जुनी गंमत. हा खेळ एक-सहाच्याही आधीपासून चाललाय. इथल्या जुन्या मंडळींपैकी कित्येकांनी ट्रिजिकॉनच्या टीआर२४ वर नाव कमावलं, १-४ पॉवर, बॅटरी नाही, वरचा फायबर ऊन पिऊन मधला त्रिकोण पेटवतो. ॲरिझोनाच्या उन्हात तो इतका पेटायचा की लोक फायबरवर चिकटपट्टी लावायचे. चार पॉवर! आणि त्यावर ३००-४०० ची स्टील रीतसर वाजवत. मग स्वारोव्हस्की, काहलेस, रेझर यांचे १-६ आले आणि सहा हे जवळपास सगळ्यांचं घर झालं.

आठ कुठे लागते? न्यू मेक्सिकोत रॅटनला, व्हिटिंग्टन सेंटरवर, जिथे डोंगरउतारावर मोकळ्या रानात निशाणं लावतात. चारशेच्या पुढे लहान प्लेट, झाडाच्या सावलीत अर्धी. तिथे शोधायलाही काच लागते. अशा दोन-तीन मॅचेस वर्षाला ठरवून खेळणार असशील तर काहलेसचा के१८आय किंवा स्वारोव्हस्कीचा झेड८आय बघ. दोघांचं एकवरचं चित्र रुंद आहे, १०० मीटरवर साडेबेचाळीस मीटर. किंमत बघण्याआधी मात्र खुर्चीत बस.

डिव्हिजनचं, म्हणजे स्पर्धेतल्या गटाचंही लक्षात ठेव. तू टॅक ऑप्टिक्समध्ये नाव देणार, तिथे रायफलवर साधारण एकच ऑप्टिक चालतं. बाजूला तिरका रेड डॉट लावून वर मोठी दुर्बीण बसवायची मजा ओपन गटवाल्यांची. ओपनमध्ये असतास तर माझं हे अर्धं पत्र बाद झालं असतं, कारण मग स्कोपला एकवर यायचीच गरज नाही. तरी नियम मॅचगणिक बदलतात, नाव देण्याआधी त्या मॅचचं पुस्तक वाच.

वजनाकडे दुर्लक्ष करू नकोस. पहिला रेझर १-६ पंचवीस औंसांचा होता. कंपनीने पुढे तो साडेएकवीसवर आणला. भिंतीला वळसा घेताना पुढची नळी कितीशी लवकर थांबते, ते तुझ्या मनगटाला विचार. आणि पॉवर रिंगवर लिव्हर बसवून घे. ती नसेल तर घामेजल्या बोटांनी रिंग फिरवताना सगळी फुशारकी संपते. कोरडा सराव घरी कर: बंदूक रिकामी, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि एक-सहा-एक, एक-सहा-एक, पाय चालू असताना. शेवटच्या लांब प्लेटनंतर हात आपोआप रिंगेकडे जायला हवा. परवाच एक चांगला नेमबाज आठवर राहिलेल्या स्कोपने आठ यार्डांवरचे पुठ्ठे मारत होता. त्याला दिसत होतं फक्त पुठ्ठ्याचं करडेपण, पुठ्ठा कुठला ते नाही.

पैशांचं म्हणशील तर पहिल्या वर्षी तीन-चारशे डॉलरचा १-६ चालतो, फक्त त्याचा ठिपका उन्हात मरतो हे गृहीत धर आणि रेटिकल काळंच वापर. जास्त घालायची तयारी असेल तर नव्यापेक्षा सेकंडहँड रेझर घे. व्होर्टेक्सची वॉरंटी मालकाबरोबर बदलत नाही, आणि हिवाळ्यात बरेच जण पुढचं खेळणं घ्यायला मागचं विकतात. घ्यायच्या आधी मॅचला जा आणि चार जणांच्या काचांतून बघ. कोणी नाही म्हणत नाही. मात्र बघायचं ते सेफ्टी एरियातच. रेंज कोल्ड असते (इतर कुठे बंदूक हाताळायची नाही), तुझ्या उत्साहापायी दुसऱ्याचा डीक्यू, म्हणजे मॅचमधून बाद होणं नको.

मार्चमध्ये येणार म्हणालास, त्या आठवड्यात आमच्याकडे क्लबची मॅच आहे. रायफल माझी वापर, त्यावर १-६ च आहे, एका स्टेजला सहावर आणि दुसऱ्याला चारवर मारून बघ. तोवर तुझ्या यादीतला पहिला सेकंडहँड कुठे दिसला तर किमतीसकट कळव. माउंट (स्कोप रायफलवर बसवायची पकड) त्यानंतर ठरवू, पण अगदी स्वस्तातल्या रिंगा आधीच मागवून ठेवू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या