आधी सीट ओढून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्कूलबसमध्ये प्रत्येक मुलाला सीटबेल्ट सक्तीचा करा, अशी मागणी करणारं एका आईचं पत्र आपण छापलंत आणि आठवड्याभराने एका बस ठेकेदाराचं उत्तरही. आईचं म्हणणं, शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्या बसना पट्टे बसवून घ्या. ठेकेदाराचं म्हणणं, शहरात बस चाळीसच्या वर जातच नाही, अमेरिकेतसुद्धा स्कूलबसला पट्टे नसतात, आणि आग लागली तर बांधलेली पोरं बाहेर कशी काढायची? या दोघांच्या मधे बोलायचा मला थोडा हक्क आहे. माझी सगळी नोकरी बसच्या बॉडी बांधण्यात गेली, त्यातही जास्त करून सीट बसवण्यात. बस बघायला आलेला माणूस टायर बघतो, रंग बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. सीट खाली कशाला धरून उभी आहे, ते वाकून बघणारा मला फार क्वचित भेटला.

पट्टा सक्तीचा झालाच पाहिजे, इथे मी त्या आईच्या बाजूचा. पण 'शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्या बसना' हे वाचून मला धडकी भरली. कारण ते कसं होईल, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर काही काळ मी एका खासगी शेडमध्ये जात होतो. मे महिना म्हणजे तिथे स्कूलबसचा हंगाम. पासिंगच्या आधी पत्रा ठोकायचा, पिवळा रंग मारायचा, फाटलेलं रेक्झिन बदलायचं. (अग्निशामक नळकांडं पासिंगपुरतं शेजारच्या गाडीतून उसनं आणायचं, हाही त्या हंगामातलाच एक विधी.) एका वर्षी कुठल्याशा शाळेने ठेकेदाराला पट्टे बसवायला सांगितले होते. त्याने बाजारातून नुसते कमरेचे पट्टे गठ्ठ्याने आणले आणि म्हणाला, सीटच्या पाइपला एकेक पट्टी वेल्ड करा, त्यात पट्टा अडकवा आणि रविवारपर्यंत गाडी द्या. मालकाने काम घेतलं. मी म्हटलं, आधी एक बसवतो आणि ओढून बघू.

पट्टा बसवला. त्याला चेन पुली (साखळी ओढून जड सामान उचलायचं साधन) अडकवली, पुलीचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या मागच्या खांबाला बांधलं आणि साखळी ओढायला लागलो. पट्टा तुटला नाही. वेल्डिंगही सुटलं नाही. सीटचा मागचा पाय मात्र बोल्ट-वॉशरसकट खालच्या प्लायवुडमधून वर आला, आणि तोही फार जोर न लावता. खाली जाऊन पाहिलं तर चासीवरचा आडवा लोखंडी चॅनेल चार बोटं पुढे. बोल्ट त्याच्यात गेलेलाच नव्हता. नुसत्या प्लायवर आणि पत्र्यावर सीट उभी होती, आणि वॉशर रुपयाच्या नाण्याएवढा. रोज पोरं बसतात, उठतात, उड्या मारतात, तेवढ्याला ती पुरते. पण पोराला त्या सीटला बांधलं की अपघातात पोराचा सगळा भार त्याच बोल्टवर येणार. पट्टा नसता तर मूल एकटं पुढे फेकलं गेलं असतं. असा पट्टा असला तर मूल आणि त्याच्यासोबत लोखंडी सीट, दोन्ही पुढच्या रांगेवर जाणार.

ठेकेदाराने ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "काका, शाळेला पट्टे दिसले पाहिजेत." गाडी घेऊन गेला. दुसऱ्या शेडमध्ये बसवून घेतले, असं नंतर कळलं.

आता ठेकेदार महाशयांच्या मुद्द्यांकडे येतो. चाळीसचा वेग. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमावलीत शहरात ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते असं मी क्षणभर धरून चालतो. ताशी 40 वेगाची बस झाडावर आदळून थांबली, तर आतलं मूल दोन मजली घराच्या गच्चीवरून पडावं तितक्या वेगाने पुढच्या सीटवर आदळतं. बसचं नाक अर्धा मीटर चेपलं आणि बस थांबली असा हिशेब मांडा. 30 किलोच्या मुलाला धरून ठेवायला पट्ट्यावर पावणेचारशे किलोच्या आसपास ओढ येते. एका बाकावर दोघं असतील तर साडेसातशे. बाकाचे पाय चार. मागचे उपटू पाहतात, पुढचे वाकू पाहतात. चाळीसचा वेग कमी वाटतो तो बसमध्ये बसलेल्याला.

अमेरिकेचं अर्धंच सांगितलं आहे. तिथल्या मोठ्या स्कूलबसना केंद्रीय नियमाने प्रवाशांचे पट्टे सक्तीचे नाहीत, हे खरं. पण त्याचं कारण त्यांच्या सीटमध्ये आहे. 1977 पासून तिथे उंच पाठीच्या, जाड गादीच्या, एकमेकींच्या अगदी जवळ बसवलेल्या सीटा सक्तीच्या आहेत. मूल पुढे गेलं तर पुढच्या सीटच्या गादीत रुतावं, ही कल्पना. आपल्याकडच्या कितीतरी बसमध्ये सीटची पाठ मुलाच्या छातीपर्यंत आणि तिच्या डोक्यावर धरायला स्टीलचा दांडा. जोराचा ब्रेक लागला की तो दांडा नेमका दातांवर येतो. शिवाय तिथेही लहान आकाराच्या स्कूलबसना पट्टे सक्तीचेच आहेत, आणि काही राज्यांनी मोठ्या बसनाही केले आहेत. नोव्हेंबर 2016 मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथे स्कूलबस उलटून सहा मुलं गेली. 2018 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सगळ्या नव्या मोठ्या स्कूलबसना कमरेचा-खांद्याचा पट्टा असावा, अशी शिफारस राज्यांना केली. समोरून टक्कर झाली तर गादी वाचवते. बस कलंडली तर गादी काय करणार?

आणि आपल्याकडे बस कलंडतातच. डिसेंबर 2022 मध्ये खोपोलीजवळ चेंबूरच्या क्लासच्या मुलांची सहलीची बस उलटली, दोन मुलं गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ हिंगणा भागात शाळेच्या सहलीची बस घाटात उलटली, एक मुलगी गेली. 1 जानेवारी 2025 ला केरळात कण्णूर जिल्ह्यात शाळेची बस उलटली. त्यात जी मुलगी गेली ती बसबाहेर फेकली गेली होती. रोजच्या रस्त्यावर, औंध-सांगवीच्या गर्दीत, बसला वेगच मिळत नाही. पण सहलीच्या दिवशी शाळा बाहेरची गाडी भाड्याने आणते, पहाटे पाचला निघते, घाट चढते. पट्ट्याचा नियम करायचा तर सहलीच्या गाडीपासून करा, असं माझं ठाम मत आहे. तिथे पालक एकदाच पैसे देतात आणि कधी नव्हे ते कुरकुर न करता देतात.

आगीचा मुद्दा ठेकेदाराने मांडला, तो खोटा नाही. पण बसला मागे संकटकाळी उघडायचं दार असतं, त्याच्यापुढे दप्तरांचा ढीग असतो किंवा जास्तीचं बाकडं टाकलेलं असतं. 1997 च्या नोव्हेंबरात दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि पंचविसाहून अधिक मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जे नियम घालून दिले त्यांत दप्तरं ठेवायला सीटखाली जागा असावी, हेसुद्धा आहे. इतकं बारीक सांगितलेलं असूनही दप्तर मधल्या वाटेतच असतं. ज्या माणसाला बांधलेल्या मुलांची काळजी वाटते, त्याने आधी ती वाट मोकळी करावी. बकल एका बोटाने सुटतं. डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्या मुलाला तर बकल नसलं तरी उतरता येत नाही.

नुसत्या कमरेच्या पट्ट्याबद्दलही दोन शब्द. लहान मुलांच्या कमरेची हाडं छोटी असतात, त्यामुळे पट्टा सरकून पोटावर येतो. धक्का बसला की मूल पट्ट्यावर घडी होतं, आतडं आणि मणका दोन्ही दुखावतात. म्हणून खांद्यावरून येणारा पट्टा पाहिजे. आणि खांद्याचा पट्टा बसमध्ये अडकवायचा कुठे? कारला खांब असतो, बसमधल्या मधल्या सीटला नाही. तो सीटच्या पाठीतच बसवावा लागतो, म्हणजे पाठ मजबूत, पाय मजबूत, पायाखालचा चॅनेल नेमक्या जागी. ही सीट कारखान्यातूनच यावी लागते. जुन्या बसला शेडमध्ये हे होत नाही, आणि होतं असं सांगणाऱ्याने मला ओढून दाखवावं. अशी सीट शास्त्रशुद्ध ओढून बघायची सोय आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत आहे. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या हजारो पालकांना आत काय चालतं हे ठाऊकही नसेल.

कायदा काय म्हणतो, ते माझ्या जावयाने वाचून दाखवलं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194 ब. त्यात प्रवाशांच्या पट्ट्यासाठी 1000 रुपये दंड आहे आणि काही प्रवासी वाहनांना सूट द्यायची मुभा राज्याला आहे. पण पुढचं पोटकलम 14 वर्षांखालच्या मुलांचं. मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेलं नसेल तर वाहन चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला 1000 रुपये दंड, आणि सूट द्यायची ती मुभा या पोटकलमाखाली लिहिलेली नाही. जावई म्हणाला, अक्षरशः घ्यायचं तर रोज सकाळी आपल्या शहरात काही कोटींचा दंड रस्त्यावर फिरतो. तो वकील नाही, पण हिशोबाला पक्का आहे. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांत मुंबईत मागच्या सीटचा पट्टा तपासायला सुरुवात झाली. म्हणजे ठरवलं की होतं.

आता खरी गोष्ट. माझी नात दुसरीत आहे, ती बसने जाते. आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं बसने जात नाहीत, व्हॅनने जातात. ड्रायव्हरच्या मागे उलटं तोंड करून एक आडवी फळी, तिच्यावर चार. मागे सीएनजीची टाकी, टाकीवर गादी, गादीवर तीन. ड्रायव्हरशेजारी दोन. त्या व्हॅनला कंपनीने पट्टे दिलेले असतात आणि ते सीटच्या कव्हरखाली गाडलेले असतात. नवा नियम नको, नवी सीट नको, कव्हर काढा आणि फळी फेका, एवढंच काम आहे. पण मग पट्टे असतील तेवढीच मुलं बसतील आणि फी वाढेल. मे महिन्याची फी द्यायची की नाही यावर आम्ही पालक दरवर्षी भांडतो. फळीवर किती जण बसतात यावर आजवर एकही सभा झाल्याचं मला आठवत नाही.

बसमध्येही तेच. दोघांच्या बाकावर तिघं बसवायची सवय आहे तोवर पट्टा निरर्थक आहे. तिसऱ्याला कुठे बांधणार? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स सरकारने ग्रामीण भागातल्या स्कूलबसना कमरेचे-खांद्याचे पट्टे दिले तेव्हा त्याच योजनेत मुलांना उभ्याने नेणंही थांबवलं. दोन्ही एकत्रच करावं लागतं, आणि त्याला पैसे लागतात. ते कोणी द्यायचे यावर भांडू या, पण लागतात हे तरी मान्य करू.

नातीच्या बसमधल्या, मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना मी विचारलं, पट्टे आले तर काय कराल? त्या म्हणाल्या, "आजोबा, चाळीस पोरं आणि माझे दोन हात. पहिली-दुसरीची बकलं मीच लावायची, आणि ड्रायव्हर मागून हॉर्न वाजवणार." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण आले तर बरंच होईल. निदान खिडकीतून हात तरी काढणार नाहीत." एक सांगतो, त्यांना स्वतःला त्या बसमध्ये सीटच नाही. दारापाशी उभ्या असतात, दांडा धरून. पट्ट्याच्या या सगळ्या चर्चेत त्यांचं नाव ना आईच्या पत्रात आलं, ना ठेकेदाराच्या.

तेव्हा परिवहन खात्याला माझी विनंती अशी. ठरावीक तारखेनंतर नोंदणी होणाऱ्या प्रत्येक स्कूलबसला कारखान्यातूनच, ओढून तपासलेल्या सीटसह खांद्याचा पट्टा सक्तीचा करा, आणि त्यात मावशींची सीटही धरा. जुन्या बसना पट्टे जोडायला बंदी घाला, होय, बंदी. त्यांना एका बाकावर दोनच मुलं आणि मधली वाट मोकळी, एवढं तपासा. व्हॅनचं उद्यापासून सुरू करा.

2011 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. ती शेवटची कधी बसली, हे पालकांनी विचारावं. आणि आमच्याकडे पट्टे बसवलेले आहेत, असं ज्या शाळेचं म्हणणं असेल, त्या समितीने मला बोलवावं. चेन पुली माझी स्वतःची आहे, ती घेऊन येतो. बस मात्र ठेकेदाराने द्यायची, आणि सीट उपटली तर तिचा खर्च माझ्याकडे मागायचा नाही.

आपला,
एक निवृत्त बॉडी फिटर
पिंपळे गुरव, पुणे