टीबी बरा झाला, मग धाप का लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टीबीमुक्त पंचायत’ ठरलेल्या गावांच्या सत्काराच्या बातम्या आपल्या पानांवर येतात. पहिल्या वर्षी गांधीजींचा कांस्य रंगाचा पुतळा, पुढे रुपेरी, मग सोनेरी. कौतुक व्हायलाच हवं. पण तपासण्या किती झाल्या, रुग्ण किती सापडले, कोर्स किती जणांनी पूर्ण केला, पोषण आहाराचे पैसे जमा झाले का, अशा गोष्टींवरच निकष संपतात. कोर्स संपलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते का, हे कोणी विचारत नाही.

माझ्या पुतणीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह आली. काही महिन्यांत श्वासाला शिट्टी येऊ लागली. दमा म्हणून पंप सुरू झाला, एक पंप बदलून दुसरा दिला, फरक शून्य. छातीच्या फोटोत विशेष काही दिसत नव्हतं. अखेर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी झाली, तेव्हा डाव्या फुप्फुसाकडे जाणारी मुख्य श्वासनलिका पार अरुंद झालेली सापडली.

टीबी कधी कधी श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरालाच धरतो. औषधांनी जंतू मरतात, पण जखम भरताना वण आकसतो आणि नळी आवळली जाते. तरुण बायकांमध्ये हे जास्त आढळतं, त्यातही डाव्या बाजूला. दम्याची शिट्टी सहसा छातीच्या दोन्ही बाजूंना ऐकू येते, ही बऱ्याचदा एकाच बाजूला. पंपाचं औषध नळीभोवतीचे स्नायू सैल करतं. वणापुढे त्याचं काही चालत नाही.

उपाय आहे. दुर्बिणीतून बारीक फुगा आत नेतात आणि पाण्याच्या दाबाने फुगवून नळी रुंदावतात. वण फारच घट्ट असेल तर आधी लेसरने किंवा विजेच्या सुरीने त्याला छेद देतात. एकदा करून भागेलच असं नाही, वण पुन्हा आकसतो. पुतणीलाही परत जावं लागलं. तरीही नळी टिकत नसेल तर पूर्ण भूल देऊन सिलिकॉनचा स्टेंट, म्हणजे नळी आतून उघडी ठेवणारा आधार, बसवतात, तो नंतर काढता येतो. धातूच्या जाळीचा स्टेंट अशा आजारात शक्यतो टाळतात, कारण जाळीतून मांस वाढलं की तो काढणं अवघड होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध व उपकरण नियामक संस्थेने, २००५ मध्येच तसा इशारा दिला होता. मात्र नळी पूर्ण मिटून पलीकडचं फुप्फुस कामातून गेल्यावर फुगा तरी काय करणार? मग ऑपरेशनच.

म्हणून वेळ महत्त्वाची. कोर्स संपल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी रुग्णाला तपासावं, असं टीबीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. त्याच भेटीत धाप आणि शिट्टीबद्दल विचारावं, छातीला स्टेथोस्कोप लावावा आणि शंका आल्यास छातीच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. याला वेगळा निधी लागत नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत टीबीच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं तेव्हा या रोगावर औषधही नव्हतं. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणवणाऱ्या जिल्ह्याने एवढं करायला हरकत नसावी. दुर्बिणीतून फुग्याचा उपचार जवळ कुठे होतो, याची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावी, ही जिल्हा क्षयरोग कार्यालयाला विनंती.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)