काकूंचं कपाट कबाड्याला देऊ नको

मनीष नगर, नागपूर
2 जून

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. महाल भागातलं घर आतून नवं करून राहिला म्हणतोस. मॉड्युलर किचन, खोलीभर वॉर्डरोब, आणि काकूंचं सागवानी कपाट कबाड्याला. बाकी सगळं कर, ते शेवटचं नको करू बे. काऊन, ते सांगायला मला माझीच फजिती सांगावी लागेल.

आम्ही गेल्या दिवाळीत फ्लॅटमध्ये आलो. फर्निचर चकाचक. हिवाळाभर खिडक्या उघड्या, त्यामुळे काही जाणवलं नाही. मे महिन्यात आठ दिवस अकोल्याला गेलो, फ्लॅट बंद, बाहेर पंचेचाळीसचं ऊन. परत येऊन शर्ट टांगायला वॉर्डरोब उघडला तर कोणी शेजारी बसून कांदा चिरावा तसं डोळ्यांतून पाणी. पोरगी रात्रभर खोकत होती. मिस्त्री म्हणाला, "नवं आहे साहेब, वास जाईल." मी शहाणा, आत उदबत्ती लावली! म्हणजे धुरावर धूर.

मग एकदा टॉर्च घेऊन ड्रॉवरखाली आडवा झालो. समोरून लॅमिनेट आरशासारखं, मागून बोर्ड उघडानागडा. कापलेल्या कडेवर बोट फिरवलं तर भुशाचे कण हातात आले. हा पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात दाबून केलेली वडी. त्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू निघत राहतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. कापलेल्या कडा आणि न झाकलेली बाजू ही त्याची दारं. ऊन आणि ओल वाढली की तो जास्त सुटतो, म्हणजे आपल्या नागपूरचा उन्हाळा त्याला मानवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. घरातल्या हवेसाठी संघटनेची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीने.

गंमत म्हणजे आपला जुना कूलर इथे कामाचा. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो चालतच नाही, त्यामुळे घरातली हवा बाहेर जाते. ओल वाढवतो, हेही खरं. एसीवाले मात्र दारं लावून तीच हवा घोटत बसतात, आणि आम्ही एसीवाले.

शेवटी मिस्त्रीला परत बोलावलं, आतल्या बाजूंना लॅमिनेट, कडांना पट्टी. किचनचे खालचे डबे काढलेच. खर्च विचारू नको.

तू दुकानात गेलास की बोर्डावर ई0 किंवा ई1 चा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डाचा, शिक्का पाहा; दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नको. किचनला आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घे. त्यातला गोंद फिनॉलचा असतो, पाणी सोसतो आणि वायू बराच कमी सोडतो. महाग पडतो, पण मी केलेल्या दुरुस्तीइतका नाही.

रंगाचं थोडक्यात. भिंतींना पाण्यात मिसळणारा इमल्शन, दारांना टर्पेन्टाइनवाल्या ऑइल पेंटऐवजी पाण्याचा इनॅमल. डब्यावर 'वास कमी' लिहिलेलं असलं तरी फसू नको, व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं, लिटरमागे किती ग्रॅम ते वाच, पन्नासच्या आत असला तर चांगला. मेलामाइन पॉलिशला सरळ नाही म्हण, त्यातही फॉर्मल्डिहाइड असतं. आणि दारांचे जुने थर कोरडे घासू देऊ नको, त्यांत शिसं असू शकतं आणि पोरं आहेत घरात. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाली. तुमची दारं आपल्या शाळेच्या काळातली.

आता कपाट. अख्खं सागवान, फळीला फळी खाचेत बसवलेली, गोंद नावापुरता. असं लाकूड घ्यायला आज बल्लारशाला जा, मग भाव कळेल. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये तिथूनच सागवान गेलं. कपाट दिसायला कंटाळवाणं, मान्य. पण लहानपणी लपाछपीत आपण त्यात अर्धा अर्धा तास बसायचो, डांबरगोळीशिवाय कशाने डोळे झोंबले का कधी?

नव्या वॉर्डरोबच्या बेतात कपाट बसत नसेल तर तसं कळव. कबाड्याच्या आधी मी टेम्पो घेऊन महालात पोचतो, काकूंना सांगून ठेव.

तुझा,
बाळ्या