हरिपूरच्या विहिरीवरच्या नानांना

सांगली

तीर्थस्वरूप नाना आणि माई यांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला पोहायला शिकवलंत त्याचे पेढे घेऊन परवा आले तेव्हा तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. ‘विहिरीला हात जोडा बाई, माझं काय त्यात,’ म्हणालात आणि उसाचं पाणी मोडायला निघून गेलात. पेढे माईंनी घेतले, पण जे सांगायला आले होते ते तसंच घेऊन परत आले. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमच्या नातवाला वाचून दाखवायला सांगितलं आहे. मध्येच उठून जाऊ नका.

वाचणाऱ्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी सांगलीतल्या एका शाळेत १८ वर्षं विज्ञान शिकवते. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून अवकाशात गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि दारात चपलांचा ढीग पडला होता. त्या दिवशी मनात जे बसलं ते बसलंच. पुढे शिक्षण, नोकरी, संसार, आईचं आजारपण. त्यात ते कुणाला सांगावं असं वाटलं नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं की अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सविलला, तिथल्या अंतराळ आणि रॉकेट केंद्रात १९८२ पासून ‘स्पेस कॅम्प’ भरतो आणि त्यात मोठ्या माणसांनाही घेतात. अंतराळवीरांना जी तयारी करावी लागते तिची ओळख तिथल्या यंत्रांवर करून देतात. तिथून कुणी लगेच अंतराळवीर होऊन बाहेर पडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण डॉटी मेटकाफ-लिंडेनबर्गर नावाची मुलगी लहानपणी त्याच शिबिराला गेली होती, पुढे ती शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि २०१० मध्ये डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेली. विज्ञानाची शिक्षिका! ते वाचलं आणि मी भिशी लावली.

तीन वर्षांत पैसे जमले. व्हिसाही झाला. अडलं ते पाण्यापाशी.

शिबिरात पाण्याची एक खोल टाकी असते. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून तिच्यात उतरायचं आणि वजन नसल्यासारखं तरंगत काम करायचं. नको असेल तर काठावर बसून पाहता येईल, असं कळलं होतं. मी काठच धरणार होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी होतं. बोट आली. सत्तरीची आई माझ्याआधी उतरून बोटीत बसली. मला पायरीवरून पाऊल उचलता येईना. बोटीतला जवान हात पुढे करून उभा होता आणि मी कठडा धरून. त्यानंतर कित्येक वर्षं मी कृष्णेच्या घाटावरही गेले नव्हते. नदी दिसू नये म्हणून पुलावरून जाताना रिक्षात उलट्या बाजूला बसायची.

शाळेतल्या शिपाईमामांनी तुमचं नाव सांगितलं. ‘हरिपूरला जावा बाई. नाना म्हशीलासुद्धा पोहायला शिकवतील.’

नाना, पहिल्या दिवशी मी विहिरीच्या काठावर उभी राहून आत बघितलं आणि पाय लटपटायला लागले. काळ्या दगडाचं बांधकाम, कपारीतून फडफडणारे पारवे, खाली हिरवट पाणी. मी म्हटलं, जमणार नाही. तुम्ही आग्रह केला नाहीत. गोठ्यातली बादली आणलीत, धुतलीत, पाण्यानं भरून माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, ‘तोंड बुडवा आणि फुंका.’ एवढंच. आठ दिवस मी तुमच्या मळ्यात येऊन फक्त बादलीत बुडबुडे काढले. मी सारखी छाती भरून श्वास घ्यायची आणि गच्च धरून ठेवायची. तुम्ही एकच वाक्य बोलायचात, ‘घेतलाय न्हवं? मग सोडा की आता.’

आजवर मला कुणी इतकं कमी बोलून शिकवलेलं नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, तासाला पस्तीस मिनिटं अखंड बोलते. त्या आठ दिवसांचा विचार मी अजून करते आहे.

तुम्ही मुलांना नदीवर नेत नाही, विहिरीतच शिकवता, याचं कारणही तेव्हाच कळलं. कृष्णेत मगरी आहेत. महापुरात तुमची ही विहीरही गाळानं भरली होती. पोरांनी पोहायचं कुठं म्हणून तुम्ही दोन उन्हाळे तो गाळ उपसलात, हे माईंनी सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

आणि माई! मी आले की तुम्ही भाजी निवडायचं सूप घेऊन काठावर येऊन बसायचात. पंजाबी ड्रेसमध्ये विहिरीत उतरणारी चाळिशीपुढची बाई, आजूबाजूला मळ्यातले गडी. तुम्ही बसलेल्या असलात की तिकडे कुणी फिरकायचं नाही. त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. आज मानते.

आता कॅनची गोष्ट. हे मी माझ्या नववीच्या वर्गाला सांगते तेव्हा मुलं डोळे मोठे करतात, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. तुमच्या लहानपणी वाळका भोपळा बांधायचे, आता तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. टोपण घट्ट लावून दोरीनं कमरेला मागून बांधायचा. तुम्ही मला शेवटच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचात आणि कॅन पाण्यातच बांधायचात. मला वाटायचं, घसरू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात कॅननं मला असं उचलून धरलं की पाय बुडवावे म्हटलं तरी बुडेनात. दुसऱ्या आठवड्यात थोडं खाली गेल्यासारखं वाटलं. मी विचारलं तर म्हणालात, ‘तुमचं हात नीट चालंनात.’ मी हात नीट चालवायला लागले. असे सहा आठवडे गेले. सातव्या रविवारी मी विहिरीला तीन फेऱ्या मारल्या, पायरीला टेकले, आणि तुम्ही कॅन सोडून माझ्यासमोर पायरीवर ठेवलात. हलेना! टोपण उघडून उपडा केलात तर पाणी भळाभळा वाहायला लागलं. काठोकाठ भरलेला होता.

दर आठवड्याला तुम्ही त्यात एकेक तांब्या पाणी वाढवत होतात. पाण्यानं भरलेला कॅन पाण्यात माणसाला वर उचलत नाही, हे आर्किमिडीजच्या तत्त्वात मी १८ वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. आणि त्या रविवारी मी एका निरुपयोगी कॅनच्या भरवशावर पोहत होते. म्हणजे माझी मीच पोहत होते. मी पायरीवर बसून रडले. माईंनी पदरानं माझं डोकं पुसलं आणि तुम्ही कॅन उचलून पाठमोरे निघून गेलात.

आता हंट्सविलचं सांगते. तिथे खरं सॅटर्न ५ रॉकेट आहे, चंद्रावर माणसं नेणाऱ्या जातीचं, ३६३ फूट लांब. एका मोठ्या दालनात ते आडवं मांडलं आहे. त्याच्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्याएवढं होतं, ते अनुभवायला स्प्रिंगला टांगलेल्या खुर्चीत बसवतात, मग हरणासारखी उडी पडते. तीन कड्यांच्या चक्रात बांधून सगळ्या दिशांनी गरगर फिरवतात, तेही झालं. केंद्राच्या आवारात मिस बेकर नावाच्या माकडिणीची समाधी आहे. १९५९ मध्ये ती ज्युपिटर रॉकेटमधून अवकाशात जाऊन जिवंत परत आली होती. लोक समाधीवर केळी ठेवतात. मीही ठेवलं. तेव्हा आपल्या हरिपूरच्या संगमेश्वराच्या देवळाची आठवण झाली, का ते सांगता येणार नाही.

पण मला सांगायचंय ते टाकीचं. टाकी गोल आणि २४ फूट खोल. तुमच्या हिशेबानं तीन-चार परस पाणी. शिडीवर उभी राहून आत पाहिलं आणि पहिला विचार आला, ही तर विहीर आहे. पारवे तेवढे नाहीत.

पाण्यातच का, तेही सांगते, कारण तुम्ही विचारलं होतंत आणि मला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. अवकाशात वजन नसतं, त्यामुळे एखादा बोल्ट पिळायला गेलं की बोल्टाऐवजी माणूसच फिरतो. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ मधून यूजीन सर्नन यानाबाहेर गेले. धरायला, पाय रोवायला पुरेसं काही नाही. धडपडून ते इतके दमले की हेल्मेटची काच आतून वाफेनं भरली, दिसेना, काम अर्धं टाकून परत यावं लागलं. त्यानंतर बझ ऑल्ड्रिन यांनी पोहण्याच्या तलावात बुडून सगळ्या कामाची तालीम केली. कुठं धरायचं, पाय कुठं अडकवायचा, दम कधी खायचा. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी १२ च्या वेळी त्यांनी यानाबाहेर पाच तासांहून जास्त काळ काम केलं, तेही न थकता. तेव्हापासून पाण्यातली तालीम पक्की झाली. ह्यूस्टनच्या आजच्या तलावात अवकाश स्थानकाचे भागच्या भाग बुडवून ठेवलेले असतात.

टाकीत उतरवताना तिथल्या प्रशिक्षकानं माझ्या पट्ट्यात शिशाचं एकेक वजन घातलं. थोडं कमी, थोडं जास्त, मी वरही जाईना आणि खालीही जाईना असं होईपर्यंत. नाना, तो एकेक वजन घालत होता आणि मला तुमचा तांब्या दिसत होता. एकेक तांब्या. तेच काम.

मग खाली जाताना माझ्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरलं. नाकात गेलं. डोळ्यांपुढे आमचा जिना आला, ती नववी पायरी. मी छाती भरून श्वास घेतला आणि गच्च धरला, अगदी बादलीच्या पहिल्या दिवसासारखा. आणि हवेच्या नळकांड्यानं श्वास घेताना तीच एक गोष्ट कधीही करायची नसते. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि हवा फुगते. टाकीच्या तळाशी भरून घेतलेला श्वास धरून ठेवला तर वर येईपर्यंत त्याची जागा जवळजवळ पावणेदोन पट होते, आणि फुप्फुस फाटू शकतं. बॉइलचा नियम. हाही मी फळ्यावर लिहिते. पण त्या क्षणी मला बॉइल आठवला नाही. कानात आवाज आला, ‘घेतलाय न्हवं? मग सोडा की आता.’

मी सोडला. सावकाश, बादलीत सोडायचे तसा. बुडबुडे कानाजवळून वर गेले. मग मुखवट्याची वरची कड कपाळावर दाबून नाकानं फुंकलं, पाणी निघून गेलं आणि दिसायला लागलं. प्रशिक्षकानं बोटांनी ठीक आहे का विचारलं. मी तशीच खूण केली. पुढं मी आणि एक पन्नाशीची नर्स, आम्ही दोघींनी मिळून नळ्या जोडायचं काम केलं. मी एक हात कायम कशाला तरी धरून ठेवला होता, विहिरीतल्या कडीला धरायचे तसा. काम झालं तेव्हा कळलं की बराच वेळ मला भीती वाटलेलीच नाही.

परत आल्यावर आईला घेऊन सरकारी घाटावर गेले. आम्ही पायरीवर बसलो आणि मी पाय पाण्यात सोडले. आई काही बोलली नाही, तिनंही सोडले.

नाना, तुम्ही माझ्याकडून फी घेतली नाहीत. एक नारळ घेतलात, तोही विहिरीत सोडलात. माझ्याकडून काही घेत नाही, निदान हे ऐकून घ्या. शिबिरातल्या निळ्या पोशाखावरचं माझं नाव आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र सगळे बघतात. त्यामागे एक बादली आणि एक कॅन आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहिलं. मनापासून आभार. तुमचे आणि माईंचे.

आता एक मागणं. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर पोहोचले ते मी वर्गात दाखवलं होतं. तेव्हापासून नववीच्या आठ मुली ‘आम्हालाही पाण्यात उतरायचंय’ म्हणून मागे लागल्या आहेत. सातजणींना पोहता येत नाही. घरच्यांची परवानगी लेखी घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी सातला त्यांना घेऊन हरिपूरला येते. आठ बादल्या शाळेतून आणते, कॅनही जमवले आहेत, सगळे पाच लिटरचेच. माईंना म्हणावं चहा टाकू नका, ताक असलं तर बरं.

कॅनमधल्या पाण्याचं मुलींना मी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
बादलीवाली बाई