वेळ नोंदवली, दालन बंद

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत मोफत संग्रहालयाच्या सहलीचं नियोजन कसं करावं यावर अर्धं पान लेख आला आहे. लेख छान आहे. चित्रंही छान आहेत. फक्त लेखकानं संग्रहालयात पाऊल टाकलं होतं का, एवढंच कळलं नाही.

‘सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात करा आणि पाहत पाहत खाली या, म्हणजे दमणूक होत नाही,’ असा सल्ला त्यात चौकटीत दिला आहे. हा सल्ला दोन महिन्यांपूर्वी मीही पाळला होता, कुणी न सांगता. माझ्याबरोबर माझे थोरले बंधू होते. वय ८१. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, म्हणून इथेही तसंच लिहिते. दादा छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, मग संगणक आले आणि खिळे भंगाराच्या भावानं गेले. शहराच्या संग्रहालयात दुसऱ्या मजल्यावर जुन्या छपाईचं दालन आहे, ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र आहे, खिळे ठेवायच्या खणांच्या केस आहेत, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून रोज एकच विषय.

नियोजन मी केलं. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात हे मला माहीत आहे. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, हेही मला माहीत आहे, म्हणजे गृहीत धरू नये एवढी अक्कल आहे. म्हणून आधी फोन केला. वाजला. पुन्हा केला, पुन्हा वाजला. शेवटी संकेतस्थळावर गेले. प्रवेश मोफत, पण वेळ नोंदवायची. नाव, पत्ता, वय, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी. दादांकडे मोबाइल नाही, आणि एका क्रमांकावर एकच माणूस. शेजारच्या मुलाचा क्रमांक मागून घेतला. मग शून्य रकमेचं तिकीट आलं, त्यावर ठळक अक्षरांत: ‘रक्कम परत मिळणार नाही’.

दारात पिशवी आणि छत्री सामानघरात ठेवायला लावली, ते योग्यच आहे. दादांची काठीही ठेवून घेत होते. तिथे मी थोडा आवाज चढवला. लिफ्ट बंद. दादा म्हणाले, चढतो मी. शेहेचाळीस पायऱ्या, मी मोजल्या, कारण प्रत्येक वळणावर थांबत होतो. वर पोहोचलो तर लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप आणि वहीच्या कागदावर बॉलपेननं लिहिलेलं: ‘दालन देखभालीसाठी बंद आहे’. तारीख नाही, सही नाही. कागद पिवळा पडला होता, त्यावरून काय तो अंदाज बांधायचा.

हा कागद खाली दारात का लावत नाही, असं मी रखवालदाराला विचारलं. तो बिचारा भला माणूस होता, खुर्ची आणून दिली त्यानं दादांना. पण उत्तर असं दिलं: ‘मॅडम, फुकट आहे ना.’

लेखकाला मला हेच विचारायचं आहे. फुकट म्हणजे काय? रिक्षा फुकट नव्हती. दादांचे गुडघे फुकट नाहीत. शेजारच्या मुलाची मिनतवारी तर मुळीच नाही. आणि शहराचं संग्रहालय चालतं ते नागरिकांच्याच करावर, म्हणजे पैसे दारात द्यायचे नाहीत इतकंच, आधीच दिलेले आहेत.

ही तक्रार नवी नाही म्हणा. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेव्हाही प्रवेश मोफतच होता. पण आधी दरवानाकडे नाव, हुद्दा, पत्ता लिहून द्यायचा, वरिष्ठांनी मंजूर केलं की मग पुन्हा येऊन तिकीट न्यायचं. ओटीपी तेवढा नव्हता. बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा पुस्तकविक्रेता १७८४ मध्ये लंडनला आला, तिकिटाची व्यवस्था होईना, तेव्हा ज्याच्याकडे होतं त्याला जवळजवळ दोन शिलिंग मोजून त्यानं हे फुकटचं तिकीट विकत घेतलं. आत त्याला जवळपास पळवलं. ही वस्तू काय, ती काय, असं विचारलं तर नेणारा तरुण उखडला, सगळं मीच सांगत बसू का म्हणाला. अर्ध्या तासात हटन बाहेर. तो आमच्यापेक्षा नशीबवान, निदान दालनं उघडी होती.

तुमच्या लेखात ‘दोन तास पुरेत’ असंही म्हटलं आहे. कुणाला पुरेत? बॉस्टनच्या कला संग्रहालयाचे गिलमन यांनी १९१६ सालीच ‘म्युझियम फटीग’ (संग्रहालयातली दमणूक) म्हणून लेख लिहिला होता. चांगल्या नजरेच्या एका माणसाला त्यांनी वस्तू बघायला लावल्या आणि फोटो काढले: कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, सगळं खालच्या फळीवरची पाटी वाचण्यासाठी. पायांआधी मान आणि कंबर जाते. तेव्हा ‘आरामदायक बूट घाला’ एवढ्यानं भागत नाही. आणि दालनात अंधार असतो म्हणून फ्लॅश वापरा हा सल्ला तर कृपया मागे घ्या. जुने कागद, कापड, जलरंग यांवर प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. तो अंधार मुद्दाम केलेला असतो. बहुतेक ठिकाणी फ्लॅशला बंदीच असते, त्या पाटीकडे लेखकाचं लक्ष गेलं नसावं.

असो. मूळ मुद्दा दादांचा.

जाळीतून दालनाचा एक कोपरा दिसत होता. काचेच्या पेटीत जुळाऱ्याची स्टिक, म्हणजे हातात धरून खिळे ओळीनं लावायची पट्टी, ठेवली होती, आणि तिच्यात मोठ्या अक्षरांचे तीन खिळे. दादांचा मोतीबिंदू काढलेला आहे, लांबचं बरं दिसतं. जाळीला कपाळ टेकवून ते बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं डोळे भरून आले असतील. तर म्हणाले, ‘अगं, हे कुणी लावलंय? हे छापलं तर रगन छापेल.’

मला कळेना. मग त्यांनी खुर्चीत बसून समजावलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. जुळारी स्टिकमध्ये खिळे डावीकडून उजवीकडेच लावतो, पण अक्षरांची डोकी खाली ठेवून. तसंच वाचायची सवय होते. इथे कुणीतरी, बघणाऱ्याला बरं दिसावं म्हणून, डोकी वर करून न, ग, र असे ओळीनं उभे केले होते. शाई फिरवून कागद दाबला तर अक्षरं सरळ उमटतील, पण क्रम फिरेल. नगरचं रगन. ‘दार उघडा, अर्ध्या मिनिटात नीट करून देतो,’ असं ते रखवालदाराला म्हणाले. चावी साहेबांकडे, साहेब रजेवर.

खाली आलो, बाकीचं काही पाहिलं नाही. घरी पोहोचायच्या आत मोबाइलवर संदेश: आपली भेट कशी वाटली? पाचपैकी तारे द्या. शेजारच्या मुलालाही आला, कारण दादांची भेट त्याच्याच क्रमांकावर.

लंडनमधली मोठी संग्रहालयं आज कोणती दालनं बंद आहेत ते संकेतस्थळावर सांगतात. त्यालाही काही खर्च येत नाही. आपल्याकडे संग्रहालय सांगत नसेल तर तुम्ही छापा. सिनेमाच्या वेळा छापता, बाजारभाव छापता, ग्रहांची दशा तर रोज छापता. शनिवारच्या अंकात तीन ओळींची चौकट द्या: अमुक दालन बंद, लिफ्ट चालू अथवा बंद. त्या अर्ध्या पानापेक्षा या तीन ओळी जास्त लोक कापून ठेवतील.

आणि निघतानिघता एक. कालच्या त्या लेखाचा मथळा पुन्हा वाचावा. ‘सग्रहालय’ असं छापलं आहे, पाच सेंटिमीटर उंच अक्षरांत. मी नव्हतं पाहिलं, दादांनी चहा पिताना दाखवलं. म्हणाले, ‘आमच्या वेळी अनुस्वार उडायचा तो खिळा झिजला म्हणून. आता काय झिजलं, विचार त्यांना.’ विचारते आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक

ता. क. येत्या बुधवारची अकराची वेळ पुन्हा नोंदवली आहे, या वेळी दोन वेगवेगळ्या मोबाइलवरून. दालन उघडलं का हे विचारायला सकाळपासून फोन लावते आहे. वाजतो आहे.